वाटेवरचे झाड आणि वर्षातून एकदाची सहल

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरला विजयनगरच्या पुढे एका मल्टीत, म्हणजे बहुमजली इमारतीत, सातव्या मजल्यावर आपण राहता, पती-पत्नी दोघांचीही नोकरी आहे, मुलगा नऊ वर्षांचा व मुलगी पाच वर्षांची आहे, आणि गुडघ्यांमुळे सासूबाईंना फार चालवत नाही. दर पावसाळ्यात एकदा पाताळपाणी किंवा तिंछा धबधब्याची सहल होते. त्यानंतर वर्षभर ‘कुठेतरी जायला हवे’ असे घरात म्हटले जाते आणि रविवार मॉलमध्ये किंवा छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत संपतो. निसर्गात अधिक वेळ घालवण्याचे सोपे मार्ग आपल्याला हवे आहेत, फक्त ‘पहाटे पाचला उठा’ एवढे सांगू नका, अशी आपली अट आहे. अट मला मान्य आहे. मी इंदूरच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले आणि निवृत्तीनंतर शाळकरी मुले, गृहिणी व ज्येष्ठ मंडळी यांना शहरातली झाडे दाखवत फिरतो; पहाटे पाचला उठण्याचा संकल्प करून आलेले लोक संक्रांतीपर्यंत गळालेले मी नेहमीच पाहिले आहेत.

आपले लिहिणे दोनदा वाचल्यावर असे वाटले की आपल्याला जागांची माहिती कमी नाही, आणि वेळ अजिबातच नाही असेही नाही. अडचण निराळी आहे. निसर्ग म्हटले की आपल्या घरात सहल डोळ्यांसमोर येते, आणि सहल म्हटली की गाडी, डबे, सतरंजी, मुलांचे जादा कपडे, सासूबाईंची सोय आणि परतताना महूच्या रस्त्यावरची कोंडी, हे सगळे ओघाने आले. एवढा खटाटोप असलेली गोष्ट वर्षातून एकदा-दोनदाच घडणार, आणि तीत आपला काही दोषही नाही. म्हणून ‘निसर्गात जाण्यासाठी वेळ कसा काढावा’ हा प्रश्न मी बाजूला ठेवतो आणि ‘ज्या वाटेने आपण रोज जातोच, त्या वाटेवर निसर्ग कुठे आहे आणि तिथे दहा-पंधरा मिनिटे कशी थांबावीत’ या प्रश्नाचे उत्तर देतो. माझ्या अनुभवात टिकते ते एवढेच.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. घरात कुणाला दमा किंवा परागकणांची ॲलर्जी असेल, तर दिवाळीच्या सुमारास फुलणाऱ्या सप्तपर्णीखाली बसण्याचा सल्ला मी देणार नाही; आपल्याकडे नव्या रस्त्यांच्या कडेला ही झाडे भरपूर लावलेली आहेत आणि संध्याकाळी त्यांचा वास फार उग्र होतो. आपल्यापैकी कुणाची कामाची पाळी रात्रीची असेल, तर खाली दिलेल्या वेळा बदलाव्या लागतील. घरापासून बगीच्यापर्यंतच्या रस्त्यावर मुलांना घेऊन सुखरूप चालता येते की नाही, संध्याकाळी तिथे दिवे असतात की नाही, हे तुम्हालाच ठाऊक. आणि एप्रिल-मे महिन्यांत सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळात बाहेर पडू नये, याला कुठलाही निसर्गप्रेमी अपवाद नाही.

आता किती वेळ पुरे, याविषयी. २०१९ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार प्रौढांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यात एकूण १२० मिनिटे किंवा त्याहून अधिक वेळ निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली प्रकृती चांगली असल्याचे व मन समाधानी असल्याचे सांगण्याचे प्रमाण अधिक होते. त्याहून कमी वेळ घालवणाऱ्यांत असा ठळक फरक दिसला नाही. ही १२० मिनिटे एका दमात काढली की थोडी थोडी करून, याने फरक पडत नव्हता, हा त्यातला आपल्या कामाचा भाग. मात्र हा अभ्यास केवळ संबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही, कारण ज्यांची प्रकृती मुळात चांगली आहे तेच बाहेर अधिक जात असतील असेही म्हणता येते. शिवाय इंग्लंडची हवा आणि आपली हवा एक नव्हे. तरी एक अंदाज म्हणून हा आकडा मला उपयोगी वाटतो, कारण रोजचा हिशोब केला तर सतरा-अठरा मिनिटेच येतात, आणि तेवढी मिनिटे मुलाला शिकवणीला सोडल्यावर तो सुटेपर्यंत गाडीत मोबाईल पाहण्यात आपल्याकडे सहज जातात.

या सतरा मिनिटांसाठी आपण एक झाड निवडावे, असे माझे म्हणणे आहे. बगीचा नव्हे, तलाव नव्हे, एकच झाड. बगीच्यात गेल्यावर काय पाहायचे हे नवख्याला कळत नाही, दोन फेऱ्या मारून तो परत येतो आणि चौथ्या दिवशी कंटाळतो. झाड एक असले की कालच्यापेक्षा आज काय बदलले हे दिसू लागते, आणि बदल दिसू लागला की उद्या येण्याला निमित्त मिळते. झाड वाटेवरचे असावे, म्हणजे शाळेची बस थांबते तिथले, दूध आणायला जाता त्या कोपऱ्यावरचे किंवा शिकवणीच्या गल्लीतले. ते मोठे आणि जुने असावे आणि त्याच्याखाली गाड्यांच्या रहदारीपासून थोडे दूर उभे राहायला जागा असावी. देशी झाड असेल तर उत्तम, कारण त्यावर पाखरांची आणि किड्यांची वर्दळ अधिक असते. नव्या वसाहतींत हौसेने लावलेले शोभेचे पाम दिसायला नीटनेटके असतात, पण वर्षभर पाहण्यासारखे त्यात फारसे काही घडत नाही. आपल्या भागातल्या मेघदूत उपवनात आणि त्याच्या आसपास पाहावे, कडुनिंब, करंज, पिंपळ यांपैकी काही ना काही सापडेलच. रेसिडेन्सीच्या बाजूला कामानिमित्त कुणाचे जाणे असेल तर तिथले जुने वृक्ष म्हणजे चंगळच.

मला स्वतःला विचारले तर मी उंबर सुचवतो. उंबराला बहर येतो तो खोडावर आणि जाड फांद्यांवर, फळांचे घोसच्या घोस लागतात, आणि उन्हाळ्यात ते पिकू लागले की झाडावर जत्रा भरते. पोपट असतात, बुलबुल असतात, संध्याकाळी वटवाघळे येतात. जुन्या झाडांच्या भागात राखी धनेशाची जोडी येते, त्याची ती बाकदार मोठी चोच पाहून मुले ओरडतात. पालवीत दडलेला हिरवा, कपाळावर व छातीवर लाल ठिपका असलेला तांबट तासन्‌तास ‘टुक्‌ टुक्‌’ करत राहतो. आवाज ओळखीचा असतो, पण पक्षी दिसायला चांगली पाच मिनिटे मान वर करून उभे राहावे लागते.

मुलाला एक गोष्ट जरूर दाखवावी. खाली पडलेले एक अर्धवट पिकलेले उंबर नखाने मधोमध उघडावे. आत शेकडो बारीक फुले दाटीने बसलेली असतात; उंबराचे फूल दिसत नाही असे आपण म्हणतो ते याचमुळे, कारण ती सारी फळाच्या पोटात असतात. फळाच्या टोकाला खवल्यांनी जवळजवळ बंद झालेले एक सूक्ष्म तोंड असते. त्यातून डासाहून लहान अशी एक गांधीलमाशी आत शिरते, शिरताना बहुधा तिचे पंख तुटतात, आत ती परागकण पोचवते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. तिची पुढची पिढी आतच वाढते. बिनपंखी नर आतच जोडी जमवून बाहेर पडण्याची वाट कोरून देतात, आणि पंखवाल्या माद्या परागकण घेऊन दुसऱ्या उंबराच्या शोधात उडतात. दहापट मोठे दाखवणारे भिंग स्टेशनरीच्या किंवा प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानात फार महाग मिळत नाही. ते खिशात असले आणि उघडलेल्या फळावर धरले की एवढुशा काळ्या माशा बाहेर पडून बोटावर चढताना दिसतात. नऊ वर्षांच्या मुलाला यापुढे निसर्गाविषयी भाषण देण्याची गरज पडत नाही. (सासूबाईंना आधी सांगून ठेवावे, नाहीतर घरात उंबर खाणे बंद होईल.)

उंबर जवळ नसेल तर हरकत नाही. पिंपळ असेल तर माघ-फाल्गुनात त्याची पाने गळून तांबूस, लकाकणारी नवी पालवी येते ती पाहावी. दोन-तीन आठवड्यांत तिचा रंग तांब्यापासून पोपटी आणि मग गडद हिरवा होत जातो. काटेसावर असेल तर जानेवारीच्या अखेरीपासून एकही पान नसलेल्या फांद्यांवर जाड, लाल, मांसल पाकळ्यांची फुले येतात, त्यांच्या वाटीतला रस प्यायला मैना, कावळे, खारी सगळे येतात, आणि टपकन खाली पडलेले फूल हातात घेतले की त्याचे वजन जाणवते. कडुनिंबाचे पाडव्याला कोवळे फूल तोंडात टाकतोच, ते त्याच झाडाखाली उभे राहून टाकावे. बहावा एप्रिलच्या अखेरीस सोनेरी झुंबरे सोडतो. म्हणजे ज्या उन्हाळ्याला आपण बाहेर पडण्याचा शत्रू समजतो, तो झाडांच्या दृष्टीने सर्वांत गजबजलेला काळ असतो, फक्त आपली वेळ सूर्योदयानंतर थोडी किंवा सूर्यास्ताच्या सुमारास असायला हवी.

वेळेच्या बाबतीत इंदूरकरांना एक देणगी आहे. मालव्याचे पठार समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे आणि मे महिन्याच्या तापलेल्या दिवसानंतरही इथे संध्याकाळी गार हवा सुटते. ‘शब-ए-मालवा’ (मालव्याची रात्र) हे कौतुक उगीच झालेले नाही. जूनमध्ये सूर्य सात वाजून गेल्यावर मावळतो, म्हणजे कार्यालयातून परतल्यावरही उजेड शिल्लक असतो. डिसेंबरात मात्र पावणेसहालाच अंधार पडू लागतो, आणि सूर्य सातच्या सुमारास उगवतो. त्या दिवसांत संध्याकाळचा हट्ट सोडून मुलांच्या शाळेच्या बसची वेळ पकडावी. आपल्या अटीचे उत्तर त्यातच आहे, कारण हिवाळ्यात सातला उठलेला माणूसही सूर्योदय पाहू शकतो. वर्षभर एकच वेळ ठरवणारे लोक ऋतू बदलला की थांबतात, असे मी पाहिले आहे.

मुलांसाठी आणखी एक कारण आहे, आणि ते पालकांना लवकर पटते. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांवर केलेला एक प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. काही शाळांत रोज ४० मिनिटांचा एक जादा तास उघड्यावर घेतला, काही शाळांत घेतला नाही. तीन वर्षांनी पहिल्या गटातल्या ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टी आली होती, दुसऱ्या गटातल्या ३९.५ टक्के मुलांना. घरातल्या दिव्यांचा उजेड काही शे लक्स (हे उजेड मोजण्याचे एकक) असतो, बाहेर सावलीतसुद्धा तो काही हजार लक्स असतो, आणि डोळ्याचा गोल वाजवीपेक्षा लांबट होण्याला हा भरपूर उजेड आळा घालतो असे समजले जाते. म्हणजे झाडाखाली मुले काहीच ‘शिकली’ नाहीत, नुसती माती उकरत बसली, तरी त्यांचा तो वेळ फुकट जात नाही. पालक तिथेही नावे पाठ करून घेऊ लागले की मुले पुढच्या वेळी येत नाहीत. ‘हे कोणते झाड? आणि याचे शास्त्रीय नाव?’ ही परीक्षा मी शिक्षक असूनही घेत नाही. मुलगी पाच वर्षांची आहे, तिला पाने, बिया, पिसे, गोगलगायीचे रिकामे शंख असे काहीबाही गोळा करू द्यावे आणि घरी त्यासाठी एक जुना डबा द्यावा. आईचे हात पिशवीने अडकलेले असतील तर फारच बरे, मुले स्वतः उचलतात.

मोबाईल आणावा की नाही, असा प्रश्न हमखास येतो. पक्ष्याचा आवाज ऐकून नाव सुचवणारे ‘मर्लिन’ किंवा फोटोवरून वनस्पती ओळखायला मदत करणारे ‘आय-नॅचरलिस्ट’ ही ॲप चांगली आहेत आणि मीही वापरतो, पण त्यांचे उत्तर हे सूचना समजावे, निकाल समजू नये. पहिले काही आठवडे तर फोन खिशातच राहू द्यावा. पक्ष्याकडे पाहण्याआधीच पडद्याकडे पाहण्याची सवय एकदा लागली की सुटत नाही.

सासूबाईंविषयी आपण एकच ओळ लिहिली आहे, पण माझ्या मते आपल्या घरातला सर्वांत मोठा आधार त्याच आहेत. त्यांच्या पिढीतल्या बायकांना झाडे पुस्तकातून नव्हे, वर्षाच्या सणांतून ठाऊक असतात. गणपतीच्या एकवीस पत्रींतली आघाडा, माका, डोरली, विष्णुक्रांता, अर्जुनसादडा, हादगा यांतली किती पाने आपल्याला ओळखता येतील? आता बाजारात पत्रीची जुडी बांधलेली मिळते आणि तिच्यात काय आहे हे विकणाऱ्यालाही पुष्कळदा माहीत नसते. भाद्रपदाच्या आधीच्या आठवड्यात, पाऊस उघडला असताना, सासूबाईंना खाली मोकळ्या जागेत खुर्ची टाकून बसवावे आणि नातवंडांना एकेक पान आणून त्यांना दाखवायला सांगावे. पडीक प्लॉटवर आघाडा तर सापडतोच. त्याची उलटी वळलेली टोचरी फळे मुलांच्या चड्डीला चिकटून घरी येतात, तेव्हा ती वनस्पती आपल्या बिया कशा पसरवते हे वेगळे सांगावे लागत नाही. मुळापासून उपटू नये, हव्या तेवढ्याच काड्या खुडाव्यात, आणि धोतरा, कण्हेर, रुई यांना हात लावल्यावर मुलांचे हात धुवावेत, कारण तिन्ही विषारी आहेत. कार्तिकात आवळी भोजन करावे. आवळ्याचे झाड असलेला बगीचा किंवा कुणा परिचिताचे शेत शोधावे, घरचेच साधे जेवण तिथे न्यावे. आपल्याकडच्या मराठी घरांत ही पद्धत पूर्वी घरोघर होती, आणि चालणे अजिबात नसलेला असा दुसरा निसर्गाचा कार्यक्रम मला माहीत नाही.

रोज खाली उतरणे त्यांना जमणार नाही, तेव्हा खिडकीचा विचार करावा. रॉजर उलरिच या संशोधकाने १९८४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयातल्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या; ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. रुग्ण थोडे होते, अभ्यास जुना आहे, पण खुर्ची टीव्हीकडून खिडकीकडे वळवायला काही खर्च येत नाही. सातव्या मजल्यावरून झाडांचे शेंडे दिसतात, आणि घारी आपल्या डोळ्यांच्या पातळीवर घिरट्या घालतात. खालच्या माणसाला हे सुख नाही.

बाल्कनीत फार काही मांडू नये. एक तुळस, एक जास्वंद, आणि एक लिंबाचे किंवा कढीपत्त्याचे रोप मोठ्या कुंडीत, एवढे पुरे. जास्वंदीवर शिंजीर हा चिमुकला पक्षी येतो, आणि तो सातव्या मजल्यापर्यंतही येतो. लिंबाच्या व कढीपत्त्याच्या कोवळ्या पानांवर काही फुलपाखरे अंडी घालतात; त्यांची अळी लहान असताना थेट पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून बहुतेक लोक ती झटकून टाकतात. झटकू नये. काही दिवसांत ती हिरवी व गुबगुबीत होते, आणि तिला काडीने हलकेच स्पर्श केला तर डोक्यामागून नारिंगी शिंगासारखा एक काटा बाहेर काढून उग्र वास सोडते. पुढे ती कोष करते आणि फुलपाखरू बाहेर येते. आमटीला कढीपत्ता थोडा कमी पडेल. एवढ्या उंचीवर फुलपाखरे येतीलच असे नाही. चौथ्या मजल्याच्या वर त्यांचे प्रमाण कमी होते असा माझा अनुभव आहे, आणि नाही आली तर तीच कुंडी खालच्या बगीच्याच्या कडेला ठेवावी. पाखरांसाठी उथळ भांड्यात पाणी ठेवावे, ते रोज बदलावे आणि भांडे घासावे. दाणे मात्र टाकू नयेत. दाण्यांना इतर पाखरांपेक्षा कबुतरे अधिक जमतात, आणि त्यांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीने काही माणसांच्या फुप्फुसांना कायमचा त्रास होतो. घरात वयस्क माणूस असताना हा पुण्याचा मार्ग टाळलेला बरा.

कुंड्यांसाठी खत विकत आणण्यापेक्षा आपल्या त्या झाडाखालची कोरडी पाने पिशवीभर आणावीत. भोके पाडलेल्या डब्यात पाने, थोडी माती किंवा जुने खत, हाताला ओल लागेल इतके पाणी, आणि पंधरा दिवसांनी एकदा वरखाली, एवढेच काम असते. काही महिन्यांत काळसर, भुसभुशीत, पावसाळी मातीच्या वासाचे खत होते. हे या गावाला शोभूनही दिसेल. अल्बर्ट हॉवर्ड या शास्त्रज्ञाने १९२४ मध्ये इथे वनस्पती-उद्योग संस्था सुरू केली आणि पालापाचोळा, शेण, मूत्रमिश्रित माती व राख यांचे थर देऊन खत करण्याची जी रीत १९३१ मध्ये जगापुढे मांडली, ती आजही जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. स्वच्छतेत आपले शहर पहिले येते याचा मलाही अभिमान आहे, परंतु झाडाखालचे प्रत्येक पान सकाळी आठच्या आत झाडून नेले पाहिजे, असे मानणाऱ्या आपल्या वसाहतींच्या समित्यांशी माझे पटत नाही. त्या पाचोळ्यात किडे असतात, आणि त्या किड्यांसाठी सातभाई व दयाळ हे पक्षी खाली उतरतात.

हे सारे दोन-तीन महिने अंगवळणी पडले की मग लांबच्या जागांचा विचार करावा, आधी नको. झाडाखाली थांबण्याची सवय झालेली मुले तलावावर गेल्यावर ‘आता काय करायचे’ असे विचारत नाहीत. आपल्या सुदैवाने शहरालाच लागून सिरपूर तलाव आहे. होळकरांच्या काळात पाण्यासाठी बांधलेला हा तलाव आणि गंभीर नदीवरचा यशवंतसागर, दोन्हींना २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत स्थान मिळाले, आणि २०२५ मध्ये इंदूर व उदयपूर यांना पाणथळ शहरांची आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात सिरपूरला जावे. काळ्या अंगाचा आणि पांढऱ्या कपाळाचा वारकरी, चमच्यासारख्या चोचीचा थापट्या, कमळाच्या पानांवरून चालणारा कमळपक्षी हे सारे पाणपक्षी साध्या दुर्बिणीतून सुद्धा छान दिसतात, आणि सासूबाईंना काठावर बसूनच पाहता येतात. यशवंतसागरच्या बाजूला सारस दिसण्याची शक्यता असते, मात्र ते अंतर जास्त आहे, म्हणून वर्षातून एकदा पुरे. रालामंडलला १९८९ पासून अभयारण्याचा दर्जा आहे. टेकडीवर होळकरांच्या वेळची शिकारगाह, म्हणजे शिकारीसाठीची कोठी, आहे, आणि नऊ वर्षांच्या मुलाला दमवून घरी आणण्यासाठी ती चढण योग्य आहे. निघण्यापूर्वी उघडण्याची वेळ आणि साप्ताहिक सुटी विचारून घ्यावी.

राहिला पाताळपाणीचा प्रश्न. आपण विचारले आहे की दरवर्षीची ही सहल बंद करावी का. बंद करू नये, मुलांना ती आवडते. पण जुलैतल्या रविवारी जाऊ नये, त्या दिवशी पाण्यापेक्षा गर्दी अधिक पाहावी लागते. वरच्या डोंगरात पाऊस झाला की इथे ऊन असतानाही पाण्याचा लोंढा काही क्षणांत येतो, आणि २०११ मध्ये अशाच लोंढ्यात प्रवाहात उभी असलेली माणसे वाहून गेली होती. म्हणून प्रवाहात उतरू नये, खडकांवर फोटोसाठी जाऊ नये, कठड्याच्या आत राहावे. शक्य असेल तर सप्टेंबरच्या मध्यानंतर, पाऊस ओसरला असताना, एखाद्या कामाच्या दिवशी अर्धी रजा टाकून जावे. धबधबा थोडा बारीक झालेला असतो, पण उतारांवर गवत फुललेले असते, चतुर आणि फुलपाखरे पुष्कळ असतात, रस्ता मोकळा मिळतो, आणि सासूबाईंना गाडीतून उतरून शांतपणे पाहता येते.